किनारा रिकामा का आहे, ते आधी शोधा

गर्दीपासून दूरच्या, बांधकाम न झालेल्या किनाऱ्यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : सुट्टीत नेहमीच्या किनाऱ्यांवर सतरंजी टाकायलाही जागा उरत नाही. हॉटेलं, टपऱ्या, मोटरबोटी नसलेला किनारा नकाशावर ओळखायचा कसा?

आधी गाडीतळ शोधा. गर्दीचा हिशेब तिथूनच मांडावा लागतो. किनाऱ्याकडे येणारे सगळे डांबरी रस्ते नकाशावर बघा आणि प्रत्येक रस्ता जिथे संपतो तिथे खूण करा. दोन खुणांमध्ये चार-पाच किलोमीटरांचं अंतर असेल, तर मधल्या पट्ट्यात माणसं विरळ असतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. छत्री, पाणी आणि मुलं घेऊन तसं अर्धा तास चालायची तयारी फार थोड्यांची असते. तुमची असेल, तर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. तेच अंतर बरंच लवकर आणि कमी दमून कापलं जातं.

मग उपग्रहचित्र उघडा. सरळ रांगेतले रंगीत ठिपके म्हणजे भाड्याच्या छत्र्या. वाळूमागे छपरांऐवजी झाडी किंवा वाळूच्या टेकड्या दिसल्या, तर किनारा पुढच्या तपासणीला योग्य. एकाच चित्रावर मात्र विसंबू नका. चित्र ओहोटीच्या वेळचं असेल, तर शंभर मीटर रुंद पुळण दिसते आणि प्रत्यक्षात भरतीला पाणी खडकाला टेकलेलं असतं. गूगल अर्थ प्रो या संगणकावरच्या आवृत्तीत त्याच जागेची जुनी चित्रं पाहता येतात. निदान पाच-सहा तारखांची चित्रं बघा आणि सगळ्यांत जी वाळू कोरडी, फिकट दिसते तेवढीच खरी धरा.

फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषाही मोजा. आत दूरपासून तीन-चार समांतर रेषा दिसत असतील, तर किनारा सपाट आहे आणि वाळू बहुधा बारीक. अगदी काठावर एकच जाड रेषा असेल, तर उतार तीव्र आणि वाळू जाडी. तिथे लाट आडवी न पसरता थेट काठावर आपटते. गुडघाभर पाण्यातही ती माणसाला डोक्यावर पाडू शकते आणि अशा पडण्यात मानेला गंभीर इजा होते. बसायला, चालायला असा किनारा छान, डुंबायला अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही जागा रिकामी का आहे? लांब आहे म्हणून, किंवा कडा उतरावा लागतो म्हणून, असं उत्तर असेल तर चला. पण किनारे इतरही कारणांनी रिकामे असतात. खाडीमुखाजवळ गाळ असतो, शेजारी सांडपाण्याचा नाला समुद्राला मिळतो, पाठीमागे लष्कराचं गोळीबाराचं मैदान असतं, कासवांसाठी किंवा पक्ष्यांसाठी जागा राखीव असते, किंवा समुद्रच तिथे वाईट असतो. उपग्रहचित्रात पाण्यात शिरणारा मातकट किंवा काळसर पट्टा दिसला, तर जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस तिथल्या पाण्यात उतरू नये. आणखी एक गोष्ट: अनेक देशांत भरतीरेषेखालची वाळू सार्वजनिक असते, पण तिथवर नेणारी पायवाट खाजगी जमिनीतून जाते. वाट कुणाची आहे हे जवळच्या वस्तीत विचारून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : आम्ही शोधलेल्या पुळणीवर जायला खडकाचं एक नाक ओलांडावं लागतं. ते ओहोटीतच मोकळं होतं. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची पद्धत माहीत आहे. तेवढी पुरेल का?

नाही. अंदाजाला ती उत्तम आहे, पण अशा जागी पुरत नाही. पंचमीला ५ गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारला भरती, हा हिशेब जिथे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते त्याच किनारपट्टीवर लागू पडतो. दुसऱ्या किनाऱ्यावर मूळ वेळच वेगळी असते. शिवाय भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते आणि हिशेबात ४५ धरलेली असतात. अष्टमीपर्यंत ही चूक अर्ध्या तासाच्या पुढे जाते. म्हणून जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या आणि त्यातली वेळ घड्याळाच्या स्थानिक वेळेनुसार आहे ना, ते तपासा.

वेळेइतकाच वेगही समजून घ्या, कारण माणसं अडकतात ती वेगाच्या चुकीने. दिवसातून दोन भरत्या येतात तिथे ओहोटीच्या टोकापासून भरतीच्या टोकापर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे चढतात. पाण्यातला फरक ३.६ मीटर असेल, तर पहिल्या तासात फक्त ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्यात ९० सेंटिमीटर पाणी चढतं. पहिला तास बघून माणूस निश्चिंत होतो आणि तिसऱ्यात फसतो. साठ मीटरमागे एक मीटर उतार असलेल्या सपाट पुळणीवर ९० सेंटिमीटरचा चढ म्हणजे तासाभरात ५४ मीटर वाळू पाण्याखाली.

त्यामुळे नाक ओलांडायचं ते ओहोटीच्या टोकाआधी तास-दीड तास, पाणी अजून उतरत असताना. परत यायचं ते टोकानंतर तासाभराच्या आत. ओहोटी ११ वाजता असेल, तर पावणेदहाला पलीकडे आणि बाराच्या आत अलीकडे. हा वेळ कमी वाटत असेल, तर वरून उतरणारी दुसरी वाट असलेली जागा निवडा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं. तेव्हा ओहोटी खोल जाते, नाक जास्त वेळ मोकळं राहतं, पण पाणी येतंही झपाट्याने. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा चढ-उतार कमी असतो आणि काही नाकं मोकळी होतच नाहीत. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वाढते, त्यात किनाऱ्याकडे जोराचा वारा असला की आणखी. वादळी हवेत पाणी वेळापत्रकातल्या आकड्यांच्या वर चढेल असंच धरा. आणि ही सगळी गणितं सगळ्या समुद्रांना लागू नाहीत: भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो, तर कॅनडाच्या फंडीच्या आखातात तो १६ मीटरपर्यंत जातो.

पलीकडे कड्याखाली बसत असाल, तर ताज्या, फिकट रंगाच्या दगडांचा ढीग कुठे आहे बघा. तिथे दरड नुकतीच कोसळलेली असते. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवा.

प्रश्न : आम्हाला शाळेच्या सुट्टीतच जाता येतं. मग शांतता मिळणारच नाही का?

मिळते. सूर्योदयाला वाळूवर असा आणि दहा-साडेदहाला परत फिरा. गर्दी त्याच सुमारास यायला लागते आणि वाराही. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो, दुपारी वाढतो, संध्याकाळी पडतो. ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की कोरडी वाळू उडायला लागते आणि बसणं नकोसं होतं. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार धरा. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट: पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. थंड प्रदेशांत उन्हाळी सुट्ट्या संपल्यावरही समुद्र ऊबदार असतो. उत्तर गोलार्धात तो बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत ऊबदार असतो.

प्रश्न : तिथे जीवरक्षक नाहीत. पण एका ठिकाणी लाटा फुटत नाहीत, पाणी संथ दिसतं. मुलांना तिथे उतरवलं तर चालेल ना?

कृपया तिथेच उतरवू नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा आहे, हे रिप करंटचं नेहमीचं लक्षण आहे. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या खोल फटीतून समुद्रात परत जातं. फट खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही आणि म्हणूनच ती जागा सुरक्षित वाटते. प्रवाह साधारणपणे सेकंदाला अर्धा मीटर असतो, पण कधीकधी दोन मीटरच्याही वर जातो. त्या वेगाला निष्णात पोहणाराही उलट पोहू शकत नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या आसपास त्याचा जोर वाढतो, कारण तेव्हा सगळं पाणी त्या फटींतूनच जातं.

पाण्यात शिरण्यापूर्वी उंच जागेवरून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा टोळीने येतात आणि मधल्या शांततेत बघितलं तर समुद्राचा अंदाज चुकतो. फेस किंवा शेवाळ आत ओढलं जाताना दिसलं, तर ती जागा सोडा. कुणी ओढलं गेलंच, तर किनाऱ्याकडे पोहायची धडपड करू नये. रिप पाण्याखाली खेचत नाही, आत नेतो. पाठीवर तरंगायचं, श्वास सावरायचा, मग किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडायचं आणि फुटत्या लाटांच्या बाजूने तिरकं परत यायचं. काठावरच्याने पाण्यात उडी घेऊ नये. दोरी, रिकामा कॅन, फळी, तरंगेल ते फेकावं. वाचवायला गेलेलेच बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात.

वारा जमिनीवरून समुद्राकडे असेल, तर पाणी काचेसारखं दिसतं, पण हवा भरलेल्या गाद्या आणि चकत्या मुलांसकट आत जातात. निर्जन किनाऱ्यावर त्या नेऊच नका.

प्रश्न : गाडी वाळूपर्यंत नेली तर सामानाची सोय होईल. वाळूत रुतू नये म्हणून काय करावं?

गाडी कडक जमिनीवर, भरतीरेषेच्या बरीच वर ठेवा आणि पुढे चाला. वाळूतली घरटी चाकाखाली जातात आणि खारं पाणी गाडीच्या तळाला गंज चढवतं. चुकून रुतलीच, तर अॅक्सिलरेटर लगेच सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खोल जाईल. चाकांपुढची वाळू उपसा, टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, इंजिनाचा जोर ज्या चाकांना मिळतो त्यांच्याखाली, ती थांबलेली असताना, पायपुसणी सरकवा आणि आलेल्या चाकोरीवरूनच हळू मागे घ्या. रस्त्यावर वेगाने जाण्याआधी हवा पुन्हा भरा.

प्रश्न : टपरी नाही, नळ नाही. किती पाणी न्यावं?

उन्हात माणशी तासाला अर्धा लिटर, वर एक लिटर राखीव. सहा तासांना चौघांचे १६ लिटर होतात. म्हणजे १६ किलो वजन. ते कोण वाहणार हे ठरवूनच चालायचं अंतर निवडा. सावली स्वतःची न्या, पण छत्रीखालीही कातडी भाजते: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. क्रीम दर दोन तासांनी आणि प्रत्येक डुंबण्यानंतर. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि परतायची वेळ घरी कुणाला तरी सांगा.

प्रश्न : रात्री तंबू टाकायचा आहे. जागा कशी निवडावी?

परवानगी आहे का, ते आधी विचारा. मग वाळूवरच्या वाळक्या शेवाळाच्या, काटक्यांच्या, शिंपल्यांच्या रेषा बघा. त्या एकाहून अधिक असतात. सगळ्यात वरची उधाणाची. तंबू तिच्याही वर. उष्ण प्रदेशांत मर्यादवेल दिसते, जांभळ्या फुलांची आणि आपट्यासारख्या पानांची. तिचं नावच समुद्राची हद्द सांगतं. तिच्यावर मात्र तंबू ठोकू नका. वाळू धरून ठेवणारी तीच आहे. ती तुडवली गेली की वारा टेकडी पोखरायला लागतो.

कासवांच्या किनाऱ्यावर हंगामात मुक्काम करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात तेव्हा उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडून येतो. तुमचा एक पांढरा दिवा त्यांना उलट्या दिशेने नेतो आणि सकाळी ती उन्हात मरतात. पक्ष्यांचंही तसंच. टिटवीच्या कुळातले चिखले उघड्या वाळूवरच अंडी घालतात आणि ती वाळूत इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत समोर धावायला लागला, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावली मागे फिरा. तो अंड्यांपासून दूर राहिला तर कडक उन्हात थोड्याच वेळात ती निकामी होतात. कुत्रा सोबत असेल तर साखळीला.

प्रश्न : अशी जागा सापडली, तर फोटोसोबत तिचं ठिकाण टाकावं का?

फोटो टाका, ठिकाण टाकू नका. अशा किनाऱ्यावर कचरापेटी नसते, शौचालय नसतं, जीवरक्षक नसतो. दहा माणसांना पुरणारी जागा शंभरांना पुरत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून फोटोत स्थान नोंदवणं बंद करा, कारण मजकुरात नाव नसलं तरी मूळ फोटोत अक्षांश-रेखांश राहू शकतात. मित्राला सांगायचंच असेल, तर ओहोटीची वेळ, रिपची जागा आणि घरट्यांचा पट्टा यांच्यासकट तोंडी सांगा.