वस्ती, वय आणि उत्पन्न : राज चेट्टी यांच्या संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांच्या सामाजिक गतिशीलतेवरील (म्हणजे मूल आईवडिलांच्या तुलनेत आर्थिकदृष्ट्या किती वर जाते यावरील) संशोधनाबद्दल जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांत एकच गोंधळ निरनिराळ्या रूपांत दिसतो. हे संशोधन अमेरिकेतील वस्त्या, शाळा आणि सरकारी धोरणे मुलांच्या पुढच्या कमाईवर काय परिणाम करतात ते लाखो मुलांच्या नोंदींवरून मोजते. पत्रलेखक मात्र त्यात स्वतःच्या एका मुलाचे किंवा मुलीचे भविष्य शोधतात, आणि कोणीतरी त्यांना ते विकतही असते. म्हणून निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

राज चेट्टी नेमके कोण? नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ तेच का? (पुणे)

नाही. चेट्टी यांचा जन्म १९७९ साली नवी दिल्लीत झाला, ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत, आणि २०१३ साली त्यांना नोबेल नव्हे, तर चाळिशीच्या आतल्या अमेरिकेतील अर्थतज्ज्ञाला दिले जाणारे जॉन बेट्स क्लार्क पदक मिळाले.

अमेरिकेत आता गरिबाचे मूल वर जाऊच शकत नाही, हे प्रमाण ९० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. मला ते प्रबंधात लिहायचे आहे. हे बरोबर आहे का? (नागपूर)

आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ चुकला आहे. १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले तिशीत आपल्या आईवडिलांपेक्षा अधिक कमावत होती. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के आहे. ही तुलना महागाई वजा करून, आईवडिलांच्या त्याच वयातील उत्पन्नाशी केलेली आहे आणि ती गरीब-श्रीमंत सर्वांना लागू आहे. गरिबाच्या मुलाने उत्पन्नाच्या उतरंडीत किती पायऱ्या चढल्या हा वेगळा प्रश्न असून, चेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९७१ ते १९९३ या काळात जन्मलेल्या मुलांची तपासणी केली तेव्हा ती शक्यता मोठ्या प्रमाणावर बदललेली आढळली नाही. ती आधीपासूनच कमी होती.

९० वरून ५० टक्क्यांवर झालेल्या घसरणीचे कारण मात्र तुमच्या प्राध्यापकांनी अवश्य सांगायला हवे होते. अर्थव्यवस्थेची वाढ मंदावली हे त्यातील लहान कारण आहे. वाढ पूर्वीच्या वेगाने झाली असती तरी ५० चे ६२ टक्केच झाले असते. आजचेच राष्ट्रीय उत्पन्न १९४० च्या पिढीच्या वाट्याप्रमाणे विभागले गेले असते, तर प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत गेले असते. प्रबंधात आईवडिलांपेक्षा अधिक कमावणे आणि उतरंडीत वर चढणे हे दोन मुद्दे एकत्र करू नका, आणि लिहिण्यापूर्वी मूळ निबंध मार्गदर्शकांसोबत बसून वाचा.

घर घेत आहोत. दलालाने चेट्टी यांचा रंगीत नकाशा दाखवून सांगितले की अमुक भागात वाढलेली मुले पुढे जास्त कमावतात, म्हणून किंमत जास्त आहे. घ्यावे का? (न्यू जर्सी)

या कारणासाठी घेऊ नका.

तो नकाशा २०१८ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या सहकार्याने प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी चार हजारांच्या आसपास लोकवस्तीचा प्रत्येक जनगणना-विभाग दाखवलेला आहे. पण त्यातील मुख्य आकडे १९७८ ते १९८३ या काळात जन्मलेल्या मुलांचे आहेत, म्हणजे त्या गल्लीत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जी मुले वाढली ती पस्तिशीच्या सुमारास किती कमावत होती, एवढेच तो सांगतो. आज त्या भागातील शाळा, शेजारी आणि रोजगार तेच आहेत का, हे दलालाने तुम्हाला सांगितलेले नाही. शिवाय जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान ऐकून आपल्या शेतावर किती पाऊस पडेल हे ठरवता येत नाही, तसेच वस्तीच्या सरासरीवरून एका मुलाची कमाई सांगता येत नाही. आणि जी गोष्ट दलालाच्या सोयीची नाही ती अशी की, मुलांसाठी चांगल्या ठरलेल्या वस्त्या सगळ्याच महाग नसतात. तुलनेने कमी भाड्यात चांगली संधी देणारे भाग जवळजवळ प्रत्येक महानगरात या संशोधनात सापडले आहेत.

शाळेत स्वतः जाऊन शिक्षकांशी बोला, आणि कर्जावर सही करण्यापूर्वी केंद्रीय गृहनिर्माण खात्याची मान्यता असलेल्या गृह-सल्लागार संस्थेत जा. दलालाने "तिथे आपल्यासारखी माणसे राहतात" अशी भाषा वापरली असेल, तर १९६८ च्या समान गृहनिर्माण कायद्यानुसार वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तेरा वर्षांनंतर जागा बदलली तर नुकसान होते असे वाचले. उशीर झाला का? (टेक्सास)

तुम्ही वाचले ते एका विशिष्ट प्रयोगाविषयी आहे. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील अतिशय गरीब सरकारी गृहसंकुलांतील सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये सोडत काढून, काहींना कमी गरिबीच्या भागात राहण्यासाठी भाड्याची व्हाउचरे (भाड्याचा मोठा भाग सरकार भरेल अशी हमीपत्रे) देण्यात आली. त्या कुटुंबांतील किशोरवयीन मुलांना लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसान झाल्याचे दिसते. तुमचे कुटुंब त्या परिस्थितीत नाही. मुलाची शाळा, मित्र आणि परीक्षा पाहून शाळेच्या समुपदेशकांशी बोला, आणि मुलाला विचारा.

अमेरिकेत सरकार भाड्याचे व्हाउचर देते, तरीही गरीब कुटुंबे गरीब वस्तीतच घर घेतात. म्हणजे त्यांनाच तिथे राहायचे असते. मग असल्या संशोधनावर आणि योजनांवर खर्च कशाला? (ठाणे)

हे विधान मी इतक्या वेळा आणि इतक्या शिकलेल्या माणसांकडून ऐकले आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. ते ऐकीव आहे, आणि तपासल्यावर खोटे ठरले आहे.

चेट्टी आणि सहकाऱ्यांनी सिएटल शहर आणि भोवतालच्या किंग काउंटीतील गृहनिर्माण प्राधिकरणांबरोबर नेमका हाच प्रश्न तपासला. लहान मुले असलेल्या, व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांचे सोडतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीप्रमाणे फक्त व्हाउचर मिळाले. दुसऱ्या गटाला व्हाउचर तेवढेच होते, पण त्याबरोबर घर शोधायला मदत करणारी एक व्यक्ती, घरमालकांशी आधीच बोलून ठेवण्याची सोय, अर्ज आणि जुन्या कर्जाच्या नोंदी नीट मांडण्यासाठी साहाय्य, आणि अनामत रकमेसारख्या खर्चासाठी थोडे पैसे एवढे मिळाले. पहिल्या गटातील १५ टक्के कुटुंबे मुलांसाठी चांगल्या ठरलेल्या वस्त्यांत गेली. दुसऱ्या गटातील ५३ टक्के गेली, आणि पुढेही बहुतेक तिथेच टिकली. आवड हेच कारण असते, तर अनामत आणि दोन फोन यांनी ती अशी बदलली नसती. ज्याला आपण पसंती म्हणत होतो, ती अनामत नसलेल्या, घरमालकाने फोन न उचललेल्या आणि व्हाउचरची मुदत संपत आलेल्या आईची अडचण होती.

खर्चाबद्दलही तुमचा समज चुकीच्या निष्कर्षावर उभा आहे, आणि तो निष्कर्ष घाईने काढला गेला होता. वर सांगितलेल्या पाच शहरांच्या प्रयोगाचे पहिले निकाल आले, तेव्हा मोठ्या माणसांचे आरोग्य सुधारले पण कमाई वाढली नाही असे दिसले, आणि अनेकांनी प्रयोग फसला म्हणून फाइल बंद केली. तेव्हाची लहान मुले कमावती होईपर्यंत थांबून चेट्टी, नेथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी प्राप्तिकराच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. व्हाउचर घेऊन तेरा वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेली मुले विशीच्या मध्यावर तुलनेच्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ३,४७७ डॉलर, म्हणजे ३१ टक्के अधिक कमावत होती. मुलगा किंवा मुलगी जितकी लहान, तितका लाभ मोठा. स्थलांतर केलेल्या लाखो कुटुंबांच्या स्वतंत्र अभ्यासात असेच आढळले की, चांगल्या वस्तीत काढलेले बालपणीचे प्रत्येक वर्ष तिथल्या कायमच्या रहिवाशांच्या मुलांशी असलेले अंतर सुमारे ४ टक्क्यांनी कमी करते.

याचा अर्थ असा की या विषयात दिरंगाईची किंमत मुले मोजतात. अमेरिकेत भाडेमदतीस पात्र असलेल्या कुटुंबांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यालाच ती मिळते, आणि अनेक शहरांत प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते. पाचव्या वर्षी यादीत नाव गेलेल्या मुलीच्या घराला अकराव्या वर्षी व्हाउचर मिळाले, तर कागदोपत्री लाभार्थी तेच राहतात, पण लाभाचा मोठा भाग वाट पाहण्यात गेलेला असतो. खर्च कशाला हे विचारण्यापूर्वी उशीर कशाला हे विचारावे. कोणाच्या ओळखीत असे कुटुंब असेल, तर त्यांनी ऐकीव माहितीवर न थांबता आपल्या भागातील सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणात चौकशी करून लगेच नाव नोंदवावे.

भारतीयांची मुले तिथे पुढे जातातच. हा संस्कारांचाच परिणाम नाही का? (डोंबिवली)

अमेरिकेत जाणारे भारतीय शिक्षण, नोकरी आणि व्हिसा यांच्या चाळणीतून गेलेले असतात, त्यामुळे त्यांची मुले हा तुलनेचा योग्य नमुनाच नव्हे. चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या वंशविषयक अभ्यासात, ज्यांच्या आईचा जन्म अमेरिकेतच झाला अशी आशियाई मुले वेगळी काढल्यावर त्यांच्यात आणि गोऱ्या मुलांत फारसा फरक उरला नाही. त्याच अभ्यासात, आईवडिलांचे उत्पन्न सारखे असतानाही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात, आणि देशातील ९९ टक्के जनगणना-विभागांत ही स्थिती आहे. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलींच्या कमाईत मात्र अशी दरी जवळजवळ नाही. एकाच घरात वाढलेल्या भावाबहिणींत संस्कार वेगळे नसतात. संस्कारांचा हा तर्क घरात मुलांसमोर बोलू नये अशी माझी विनंती आहे.

सल्लागार भरपूर शुल्क घेऊन मुलीला आयव्ही लीगमध्ये (अमेरिकेतील आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटात) प्रवेश मिळवून देतो म्हणतो, आणि चेट्टींचे नाव सांगतो. (कॅलिफोर्निया)

चेट्टींच्या अभ्यासात सल्लागारांची शिफारस कोठेही नाही. त्यात असे दिसले की सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतील मुले या महाविद्यालयांत शिकण्याची शक्यता, सर्वांत गरीब पंचमांशातील मुलांच्या ७७ पट आहे, आणि प्रवेशपरीक्षेत गुण सारखे असूनही श्रीमंतांना झुकते माप मिळते, कारण माजी विद्यार्थ्यांची मुले, खेळाडू आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टी यांना वेगळे वजन दिले जाते. ही धोरणावरची टीका आहे. तिचे जाहिरातीत रूपांतर करणाऱ्याला पैसे देऊ नका. शाळेच्या समुपदेशकांचा सल्ला मोफत असतो.

महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हे निष्कर्ष वापरता येतील का? आमची संस्था अहवाल तयार करत आहे. (मुंबई)

जसेच्या तसे वापरू नका. अमेरिकेत आईवडिलांची आणि मुलांची प्राप्तिकराची विवरणपत्रे जोडता येतात, त्यामुळे शार्लट शहरात सर्वांत गरीब पंचमांशातील मूल सर्वांत वरच्या पंचमांशात पोहोचण्याची शक्यता ४.४ टक्के आणि सॅन होजे शहरात १२.९ टक्के आहे असे सांगता येते. आपल्याकडे प्रौढांपैकी थोडेच लोक विवरणपत्र भरतात, म्हणून येथील अभ्यासक उत्पन्नाऐवजी बहुधा शिक्षणाच्या नोंदींवर अवलंबून असतात.

भारतातील एक पुरावा तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. अहमदाबादमध्ये सोडतीने शहराबाहेर चांगली घरे मिळालेल्या कुटुंबांची चौदा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा कुटुंबाचे उत्पन्न वाढलेले नव्हते आणि मुलांची स्थितीही सुधारलेली नव्हती. ३४ टक्के कुटुंबे तिथे राहायलाच गेली नव्हती, ३२ टक्के पुढे सोडून आली होती, आणि राहिलेल्यांचा नातलगांशी व जातभाईंशी असलेला अडीअडचणीचा आधार कमी झाला होता. घर पक्के झाले, पण काम, शाळा आणि माणसे दूर गेली. अहवालात चौरस फुटांच्या आधी शाळेचे, कामाचे आणि नात्यागोत्याचे अंतर लिहा, आणि त्या कुटुंबांशी तसेच क्षेत्रपाहणी जाणणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाशी सल्लामसलत केल्याशिवाय तो सादर करू नका.

श्रीमंत मित्र असले की मूल पुढे जाते, असे चेट्टींच्या अभ्यासात आहे म्हणे. मुलाला श्रीमंत मुलांशी मैत्री करायला लावावी का? (नाशिक)

नाही. २०२२ चा तो अभ्यास फेसबुकवरील ७.२२ कोटी लोकांच्या मैत्रीवर आधारित होता आणि गरीब-श्रीमंत मुले एकत्र वाढतात अशा जागांविषयी होता. मित्र निवडून देण्याची शिफारस त्यात नाही.

ही आकडेवारी कोठे मिळेल? एक कंपनी ती शुल्क घेऊन देते. (औरंगाबाद)

हार्वर्डमधील ऑपर्च्युनिटी इन्साइट्स ही संस्था ती स्वतः मोफत उपलब्ध करून देते; विकत घेऊ नका, आणि वापरण्यापूर्वी सोबतची माहितीपत्रिका एखाद्या जाणकाराबरोबर वाचा.