टाइलचा फोटो भिंतीवर नीट बसत नाही? आधी त्याचं खरं माप ठरवा

तुमच्या तक्रारी तीन आहेत. मोबाइलवर काढलेला टाइलचा फोटो स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) भिंतीवर लावला तर टाइल अवाढव्य दिसतात, शिवाय आडव्या ताणल्यासारख्या वाटतात, आणि गोल भिंतीवर त्याच फोटोच्या पट्ट्या पट्ट्या होतात. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. फोटोत प्रत्यक्षात किती मिलिमीटर भिंत आली आहे, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलंच नाही. गोल भिंतीचं प्रकरण वेगळं, त्याकडे शेवटी येतो.

फाइल मेनूतून इम्पोर्ट करताना ‘यूज अ‍ॅज टेक्स्चर’ (टेक्स्चर म्हणजे पृष्ठभागावर चढवलेली इमेज) निवडलं की स्केचअप दोन क्लिक मागतं. पहिला क्लिक फोटोचा कोपरा ठरवतो, दुसरा फोटोचा आकार. बहुतेक जण दुसरा क्लिक भिंतीच्या पलीकडच्या टोकाला करतात. म्हणजे दोन बाय दोन अशा चार टाइलचा फोटो तीन मीटर रुंदीवर पसरला आणि एकेक टाइल दीड मीटरची झाली. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. म्हणून मी हा रस्ता फक्त होर्डिंग, चित्राची फ्रेम किंवा दर्शनी भागाचा एकच मोठा फोटो लावायला वापरतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसाठी मटेरियल्सच्या (पृष्ठभागाला द्यायच्या रंग-नक्ष्यांच्या) ट्रेमध्ये ‘क्रिएट मटेरियल’ घ्या, इमेज निवडा आणि रुंदी-उंचीच्या चौकटींत आकडे स्वतः टाइप करा. या चौकटींशेजारी साखळीचं चिन्ह असतं. ती साखळी तुटलेली असेल तर रुंदी आणि उंची सुट्या बदलतात. तुमच्या टाइल ताणल्या जाण्याचं कारण बहुधा तेच असावं.

आता कोणते आकडे टाकायचे? समजा टाइल 600 बाय 600 मिमीची आहे आणि सांधा 2 मिमीचा. फोटो कापताना पहिल्या टाइलच्या डाव्या कडेपासून तिसऱ्या टाइलच्या डाव्या कडेपर्यंत कापा. त्यात दोन टाइल आणि दोन सांधे येतात, म्हणजे 1204 मिमी. उभ्या दिशेलाही तसंच. मग मटेरियलमध्ये 1204 लिहा, 1200 नाही. चार मिलिमीटरनी काय बिघडतं, असं वाटेल. पण बारा मीटरच्या कॉरिडॉरमध्ये हा फरक चाळीस मिलिमीटरच्या आसपास साठतो, आणि दाराच्या चौकटीशी जुळवलेला सांधा भलतीकडे जातो. दोन्ही बाजूंचे सांधे फोटोत ठेवले तर जोडावर सांधा दुप्पट जाड दिसतो, आणि दोन्ही कापले तर तिथे सांधाच उरत नाही.

हाच हिशेब पिक्सेललाही लावा. 1204 मिमी जर 1024 पिक्सेलमध्ये बसवले तर एक पिक्सेल सुमारे 1.2 मिमीचा होतो. 2 मिमीच्या सांध्याला धड दोन पिक्सेलही मिळत नाहीत; तो कुठे दिसतो, कुठे गायब होतो, कॅमेरा हलला की लुकलुकतो. 2048 पिक्सेल घेतले तर सांध्याला तीन-साडेतीन पिक्सेल मिळतात आणि तो स्थिर दिसतो. त्यापलीकडे मोबाइलचा पूर्ण आकाराचा फोटो कोंबण्यात मला अर्थ वाटत नाही. इमेज मॉडेलच्या फाइलमध्येच साठते, त्यामुळे अशा दहा फोटोंत फाइल सुस्त होते. उलट इमेज चांगली असूनही पडद्यावर धुरकट दिसत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘यूज मॅक्सिमम टेक्स्चर साइज’ बंद आहे का बघा. जुन्या आवृत्त्यांत हे पान ओपनजीएल नावाने आहे.

खरा वेळ द्यायचा तो फोटोवर. टाइलचा फोटो शक्यतो समोरून, थोडं लांब जाऊन किंचित झूम करून काढा, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशने मधोमध उजेडाचा गोल पडतो आणि तो गोल भिंतीवर दर 1204 मिमीला पुन्हा उगवतो. एका बाजूने खिडकीचा उजेड असला तरी तेच. जवळून काही जाणवत नाही, पण लांबून भिंत बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. फोटो थोडा तिरका आला असेल तर गिंप या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं पर्स्पेक्टिव्ह टूल ‘करेक्टिव्ह’ दिशेला ठेवून चारही सांधे काटकोनात आणा आणि मगच कापा. कापून झाल्यावर ऑफसेट वापरून इमेज रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवा. कडा मधोमध येतात आणि जोड डोळ्यांसमोर दिसतो. सांधा तिथे जाड झालाय का, एक बाजू काळपट आहे का, हे तिथल्या तिथे कळतं आणि दुरुस्तही करता येतं. ‘टाइल सीमलेस’ नावाचा तयार फिल्टर गवत, वाळू, प्लास्टर यांना चालतो. टाइल आणि विटांना तो लावू नका. तो कडा एकमेकांत मिसळतो, त्यात सांधे भुतासारखे दुहेरी होतात.

संगमरवरी शिरा असलेली टाइल असेल तर एकाच टाइलचा फोटो घेऊ नका. तीच शीर प्रत्येक टाइलवर दिसली की नकलीपणा लगेच उघडा पडतो. निदान नऊ टाइल घ्या, माप त्या प्रमाणात वाढवा.

माप बरोबर असून टाइलची सुरुवात चुकीच्या जागी होत असेल, तर फेसवर (मॉडेलमधल्या त्या सपाट पृष्ठभागावर) राइट क्लिक करून टेक्स्चर, मग पोझिशन निवडा. चार पिना दिसतील. लाल पिन ओढली की टेक्स्चर सरकतं, हिरवीने फिरतं आणि लहानमोठं होतं. निळी आणि पिवळी पिन चौकोन तिरका करतात. टाइलच्या कामात त्यांना हात लावायची गरज नसते. पिन नुसती क्लिक केली तर उचलली जाते आणि दुसरीकडे ठेवता येते. लाल पिन टाइलच्या नेमक्या कोपऱ्यावर ठेवा, मग ती ओढून भिंतीच्या कोपऱ्यात न्या आणि एंटर दाबा. मेनूत टेक्स्चर हा पर्यायच दिसत नसेल तर तुम्ही रंग ग्रुपला (एकत्र बांधलेल्या भागांच्या गटाला) दिलाय, फेसला नाही. ग्रुप डबल क्लिकने उघडा आणि आतल्या फेसवर मटेरियल द्या.

आता गोल भिंत. स्केचअपला ती गोल दिसतच नाही. त्याच्या लेखी त्या अरुंद सपाट पट्ट्या आहेत आणि नुसतं पेंट बकेटने (रंग भरायच्या टूलने) रंगवलं की प्रत्येक पट्टीवर नक्षी आपापल्या जागेवरून सुरू होते. व्ह्यू मेनूतून हिडन जॉमेट्री चालू करा. एका पट्टीवर टेक्स्चर पोझिशन करून घ्या. पेंट बकेट हातात असताना ऑल्ट दाबून त्या पट्टीवरून मटेरियल उचला, शेजारच्या पट्टीवर क्लिक करा. मग त्या शेजारच्या पट्टीवरून उचला, पुढच्या पट्टीवर टाका. नक्षी कडेला जुळत पुढे जाते. मॅकवर ऑल्टऐवजी कमांड. चोवीस पट्ट्यांचा खांब असेल तर कंटाळा येतो, पण निकाल चोख असतो. खोलीच्या काटकोनी कोपऱ्यातही हीच युक्ती चालते.

राइट क्लिकच्या टेक्स्चर मेनूतल्या ‘प्रोजेक्टेड’वर टिक करून काम लवकर होतं असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. हलक्या वळणाला किंवा डोंगरउताराच्या जमिनीला तो ठीक आहे. पूर्ण गोल खांबावर मात्र समोरचा भाग छान दिसतो आणि बाजूला टाइल लांबलचक ओघळतात, कारण फोटो एकाच दिशेने फेकलेला असतो. खांबाला प्रोजेक्टेड बंदच ठेवा. घुमटासारखा दोन्ही दिशांनी वळलेला आकार असेल तर थ्रूपेंट किंवा स्केचयूव्ही यांसारखं एक्स्टेन्शन (स्केचअपला जोडायचं पूरक साधन) घ्या. हाताने ते जुळत नाही.

रेंडर करणार असाल, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणार असाल, तर आणखी एक बघून ठेवा. व्ह्यूमध्ये फेस स्टाइल मोनोक्रोम करा. मूळ रंगसंगतीत पांढरी बाजू पुढची आणि निळसर करडी मागची. भिंत निळसर दिसली तर तुम्ही मागच्या बाजूवर टाइल लावल्या आहेत, आणि काही रेंडरर मागच्या बाजूचं मटेरियल दाखवत नाहीत. ‘रिव्हर्स फेसेस’ करा आणि पुन्हा लावा. सगळं मनासारखं झालं की मॉडेल इन्फोतल्या स्टॅटिस्टिक्समध्ये जाऊन ‘पर्ज अनयूज्ड’ दाबा. आत्तापर्यंत लावून काढलेले सगळे फोटो अजून त्या फाइलमध्येच बसलेले असतील.