तंबाखूच्या पाइपचा टॅम्पर (पाइपमधला तंबाखू दाबायचा छोटा दांडा) हाताने कोरायला शिकायचंय. नवशिक्याने कुठलं किट घ्यावं, की छोटं रोटरी मशीनच घेऊ? आणि पुढे इन्स्टावर विकता येईल का?

मशीन नको. किट पण नको. ऑनलाइन मिळणाऱ्या त्या बारा पटाशांच्या किटमध्ये निम्म्यांना धारच टिकत नाही, आणि टॅम्परला पटाशी लागते कुठे, बोटाएवढी तर काडी ती. आखूड पात्याचा एक चाकू (घडीचा नको, जोर देताना मिटला तर बोटावरच येतो), एक कानस आणि ८०, १५०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर. संपला विषय.

मशीनवर एवढा का चिडतो ते सांगतो. आमचे सासरे, नाना, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, पाइपची सवय तिकडचीच. टॅम्पर म्हणून आयुष्यभर चपट्या डोक्याचा लांब खिळा वापरला, आणि खरं सांगायचं तर खिळ्याने काम झकास होतं. त्यांच्या पंचाहत्तरीला मी आणि माझे साडू, दोघांनीही एकमेकांना न सांगता टॅम्परच करून आणला. साडूंचा शिसवीचा, रोटरी मशीनवर घासलेला, वर हत्तीचं तोंड आणि सोंडेपासून पायापर्यंत (पाय म्हणजे तंबाखू दाबायचं खालचं टोक) चकाचक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. माझा पेरूच्या फांदीचा, चाकूच्या खुणा तशाच ठेवलेला. सगळे हत्तीभोवती गोळा. माझा हातात घेऊन कोणीतरी विचारलं, हे कुंपणाचं काढून आणलं का, तर साडू म्हणाले, "वेळ असतो हो त्यांच्याकडे."

बरं मग नानांनी पाइप पेटवला. पाइपची तंबाखू भरायची वाटी आतून वरच्या बाजूला साधारण १९-२० मिमी असते आणि बऱ्याच पाइपांची खाली निमुळती होत जाते, हत्तीचा पाय चांगला १८ मिमीचा, त्यामुळे पहिल्या आगकाडीनंतर फुललेला तंबाखू दाबेपर्यंत ठीक, पण अर्धा जळून खाली गेल्यावर पाय मधेच अडकला. त्यात गरम राखेवर पॉलिश लागल्यावर जो वास सुटला तो सुटला. नाना म्हणाले, "जावईबापू, थेट इंजिनरूममध्ये नेऊन बसवलंत की मला."

आता यात मशीनचा थेट दोष नाही हे मलाही कळतं. पण मशीनवर काम इतकं झरझर होतं की मधे थांबून ते पाइपमध्ये घालून बघायचं कोणाला सुचतच नाही. चाकूने करताना हात दुखतो, थांबता, घालून बघता, परत थोडं तासता. पाय १२ ते १४ मिमीवर आपोआप येतो. हे मी साडूंना इतक्या वेळा सांगितलंय आणि त्यांचं एकच, शोकेसमध्ये कोणाचा आहे ते बघा. आहे ना, हत्ती शोकेसमध्येच आहे, माझा नानांच्या खिशात असतो.

लाकूड पेरूचं घ्या, नाहीतर बाभूळ किंवा चिंच. पेरूची फांदी ओली असताना उभी चिरायची, मधला गाभा सोडून द्यायचा आणि दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावून सावलीत वाळवायची, नाहीतर तडकते. रेषा लांबीच्या दिशेनेच हव्यात, आडव्या आल्या तर मान मोडणार. साग नको, त्यातल्या सिलिकाने धार पटकन जाते. पॅकिंगच्या खोक्याचं पाइनही नको, मऊ असतं, पाय लवकर जळून झिजतो. कण्हेर तर चुकूनही नको, विषारी आहे. आणि कुंपणाची काडी म्हणणाऱ्यांसाठी, १८व्या शतकात शेक्सपिअरच्या बागेतलं तुतीचं झाड तोडलं तेव्हा त्या लाकडाच्या ज्या वस्तू आठवण म्हणून विकल्या गेल्या त्यांत टॅम्परही होते. झाडाचंच लाकूड होतं ते पण.

जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण फक्त मुठीला लावा, पाय कोरडाच ठेवायचा. तो थोडा काळा पडतो, पॉलिश पेपरवर घासला की झालं. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून बाहेर वाळत घाला. शिसवीचा हट्टच असेल तर घासताना मास्क लावा, त्याच्या भुशाने काहींना अंगावर उठतं. चाकूला धार लावायला आधी शिका, ते न येता बाकी काही जमणार नाही, पण त्यावर इथे लिहीत बसलो तर रात्र होईल. तंबाखू वाईट हे मी वेगळं सांगायला नको, मी स्वतः ओढत नाही.

इन्स्टावर विकायचं मात्र मला विचारू नका. ते साडूंना विचारावं लागेल, हत्तीच्या ऑर्डरी घेतात ते हल्ली.