नाला खोल करण्याआधी माथ्यावर चर काढा

प्रश्न : गावाने श्रमदानातून पाणलोटाचे काम धरले आहे. जेसीबीवाले म्हणतात, नाला वीस फूट खोल करा, विहिरी भरतील. निघालेला गाळ शेतात हवा तेवढा टाका. करावे का?

उत्तर : नको. आधी डोंगराचा माथा, मग पायथा. वरचे पाणी अडवल्याशिवाय खोल केलेला नाला दोन-चार मोठ्या पावसांत गाळाने भरतो. जेसीबीचे भाडे तासावर असते, त्यामुळे खोली जेसीबीवाल्याच्या सांगण्यावर ठरवू नका. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरीला पाणी मुरमाच्या आणि भेगाळ खडकाच्या थरातून येते. नाल्याने तो थर फोडला की तेच पाणी नाल्यात पाझरून वाहून जाते आणि काठच्या विहिरी लवकर आटतात. साचलेला गाळ तेवढा काढा. मुरूम दिसला की यंत्र थांबवा.

माथ्यावर सलग समपातळी चर घ्या, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर, 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल. पातळी नजरेने धरू नका. दोन बांबू, आडवी काठी आणि मधोमध ओळंबा, अशी ए-फ्रेम गावातली पोरेही चालवतात. चराचे एक टोक वीतभर खाली गेले की सगळे पाणी तिकडे धावते, भराव फुटतो आणि खालचे चरही फोडत जातो. चराची माती उताराच्या खालच्या बाजूला टाका. त्या भरावावर पावसाच्या तोंडावर स्टायलो, पवना असा चारा पेरा. गवत धरले नाही तर भराव धुपून जातो. बहुतेक गावे इथेच चुकतात : खोदायला सगळे येतात, राखायला कोणी नाही. मेंढपाळांना ग्रामसभेत सोबत बसवून चराईबंदी ठरवा, गवत कापून न्यायची मुभा ठेवा.

गाळ फक्त हलक्या, मुरमाड रानात. दोन-तीन इंच, त्यापुढे नाही. उन्हाळ्यातच पसरून मातीत मिसळा. ओल्या रानात ट्रॉली घालू नका. भारी काळ्या जमिनीत एक ट्रॉलीही नको, निचरा बिघडतो. पांढरे क्षार दिसणारा गाळ कुठेच नको. पुन्हा सांगतो, ‘हवा तेवढा’ टाकू नका.

चर, दगडी बांध रोजगार हमीत बसतात. ग्रामसभेचा ठराव घेऊन कृषी सहाय्यकाला (आता सहाय्यक कृषी अधिकारी) भेटा.

शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिक कागद विकणारे तळे बोअरने भरायला सांगतात. ऐकू नका, जमिनीतले पाणी उन्हात वाळवायचा तो धंदा आहे. हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर बंद ठेवले आणि पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आणि लागणार किती, मांडूनच पिके ठरवली. तुम्हीही पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजा, मगच रब्बीचे बियाणे घ्या.