गिझरच्या एका पॉइंटला एवढे पैसे?

प्रश्न : सांगलीतल्या आमच्या जुन्या घरात गिझरचा पॉइंट काढायचा आहे. वायरमन लाइट पॉइंटच्या कितीतरी पट पैसे सांगतो. फसवतोय का?

उत्तर : तसं वाटत नाही. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढतो. लाइटच्या 1 चौरस मिमी वायरवरून लूप मारला, म्हणजे तिथूनच जोड घेतला, तर जोड तापून इन्सुलेशन वितळू शकतं. म्हणून डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजवाटप पेटीपासून) स्वतंत्र 2.5 चौरस मिमीच्या फेज, न्यूट्रल, अर्थिंगच्या वायरी आणि 16 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) हवा. बाथरूम 10 मीटरवर असेल, तर वायरच 30 मीटर! शिवाय झिरी मारणं, पाइप, गिलावा. मजुरी खरी इथे जाते. खर्च कमी करायचाच तर भिंतीवरून केसिंग पट्टी (वायरी झाकणारी पट्टी) घ्या, म्हणजे झिरी मारावी लागत नाही. वायरीत आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये) मात्र काटकसर नको. जुनं अर्थिंग आधी तपासून घ्या.