उंबराचं फूल कुठे असतं?

पत्र असं आहे:

«ताई, वय ४६. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घर पाथर्डी फाट्याला, कर्ज फिटत आलंय, मुलगी बारावीला. झोप लागते, जेवण गोड लागतं, मित्रांसोबत मिसळीला गेलो की हसूनखेळून असतो. पण घरी आलो की दिवस कसा गेला तेच आठवत नाही. कविता वाचाव्यात, निसर्गात रमावं, असं सगळे सांगतात म्हणून दिवाळीत चारशे पानांचा कवितासंग्रह आणला. बारा पानांपुढे गेलो नाही. नर्सरीतून सहा रोपं आणली, रोज न चुकता एकेक ग्लास पाणी घातलं, तरी पाच मेली. मोगरा उरलाय, पण त्याला नुसती पानं. परवाच्या रविवारी घरच्यांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो, अकराला पोचलो, लांबवर काळे ठिपके दिसले आणि परतताना गाडीत भांडण झालं. बायको म्हणते, हे तुमचं काम नाही. माझ्यातच काही कमी आहे का?»

नमस्कार दादा,

कमी काही नाही. उलट सगळंच जास्त झालंय. चारशे पानं, सहा रोपं, एका फेरीत अख्खं अभयारण्य. लग्नाच्या पंगतीत दोनशे माणसांना नमस्कार केला म्हणून कोणाशी ओळख होत नाही, तसं झालंय हे. तेव्हा पुढचे दोन महिने एक कविता, एक झाड, एक कुंडी. चौथं काही आणायचं नाही.

त्याआधी एक गोष्ट. झोप, भूक आणि मित्रांतलं हसू शाबूत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढचं सांगते. यातलं काही बिघडलं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागेना, जगण्याचाच कंटाळा आला, तर कवितेच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

आता कविता. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, फक्त आठ ओळी. तुमच्या जाड पुस्तकात नसेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात नक्की सापडेल. १८४० पासून चालू आहे ते, तुमच्या शिफ्टलाही सांभाळून घेईल. कविता स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवा. हाताने लिहिताना एकेका शब्दावर थांबावं लागतं, म्हणून फोनवरचा फोटो चालणार नाही. पहिल्या दिवशी मोठ्याने दोनदा म्हणा, बस. अर्थ शोधायचा नाही. बारा पानांत तुम्ही का अडकलात ते सांगू? पेपर वाचतो तसं नुसत्या डोळ्यांनी वाचलंत, आणि प्रत्येक कवितेखाली शाळेतला ‘भावार्थ लिहा’ उभा होता. छंदातली कविता आधी कानात शिरते, डोकं मागून येतं.

दुसऱ्या दिवशी फक्त रंग मोजा. हिरवा तीनदा येतो, निळासावळा एकदा, मग पायवाटेचा पांढरा, मग डोह काळा आणि त्याच्या लाटांवर पसरलेला काळिमा. आठव्या ओळीत रंगच नाही, तिथे पाण्यात पाय सोडून बसलेलं एक झाड तेवढं आहे. हिरव्यापासून काळ्यापर्यंत तुम्हाला कोणीतरी हाताला धरून उतरवत नेलंय, हे भावार्थाच्या नादात दिसत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज दोन ओळी पाठ करा, म्हणजे चार दिवसांत कविता तुमची. कंपनीच्या बसमध्ये ओठ न हलवता म्हणता येते. घरी वहिनी पोळ्या लाटत असताना मात्र म्हणून दाखवू नका, इतकं ऐका.

झाडही तेच घ्या. औदुंबर म्हणजे आपला उंबर. नदीकाठाला मिळतो, आणि दत्ताच्या देवळापाशी तर हमखास, पार बांधलेला. घरापासून किंवा कंपनीपासून दहा मिनिटांत पोचता येईल असा एकच निवडा. लांबचा, देखणा नको. लांबच्या झाडाकडे तिसऱ्या आठवड्यात जाणं होत नाही. वेळ घड्याळावर ठेवलीत तर शिफ्ट बदलली की सगळं मोडेल, म्हणून कामाला जोडून ठेवा. फर्स्ट असेल तर सुटल्यावर, सेकंड असेल तर निघण्याआधी. नाइटच्या आठवड्यात झाड बंद. सकाळचं ऊन डोळ्यांवर घेत फिरलात की मग दिवसा झोप धरत नाही. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, भरपूर झालं.

जाऊन करायचं काय? फळं बघा. उंबराची फळं फांदीच्या टोकाला नसतात, खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लगडतात. एखादा घोस डोळ्यांत धरून ठेवा आणि दर फेरीला तोच बघा: हिरवा, मग पिवळट, मग लालसर. तेवढ्यात वरून ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज आला तर तो तांबट पक्षी. जुन्या नाशकात तांबट आळीत भांड्यावर हातोडी पडते ना, तसाच ठोका, म्हणून हे नाव. हिरवा असल्याने पानांत चटकन दिसत नाही. आवाजाच्या रोखाने शेंड्याकडची वाळकी फांदी शोधा, तिथे बसायला त्याला आवडतं. पहिल्या तीन फेऱ्यांत फोटो काढायचा नाही. फोटो काढला की मनाला वाटतं झालं बघून, आणि पाय घराकडे वळतात.

आणि एक पिकलेलं, खाली पडलेलं फळ घरी आणून सुरीने उभं चिरा. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालात’ म्हणतो. फूल दुर्मीळ नसतं, ते फळाच्या आत असतं. चिरलेल्या फळात आतल्या भिंतीला दाटीने चिकटलेली बारीक केसरासारखी जी दाणेदार रांग दिसते, ती शेकडो फुलंच आहेत. चिलटासारखे किडेही निघतील. घाण म्हणून फेकू नका. ते उंबराचे इवले गांधीलकीटक, टोकाच्या छिद्रातून आत शिरून परागीभवन तेच करतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही. बारावीच्या मुलीला बोलावून दाखवा. अभ्यासातून पाच मिनिटं उठायला तिलाही निमित्त हवंच असेल.

आता कुंडी. पाच रोपं तुमच्या निष्काळजीपणाने मेली नाहीत, त्या रोजच्या ग्लासाने मेली. नर्सरीतलं रोप बहुतेक लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतं. हा गोळा एकदा सुकला की आकसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरची माती ओली दिसते, मुळं कोरडीच. उरलेल्या मोगऱ्याला पाणी देण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. ओलं लागलं तर अजिबात नाही. थंडीत तीन-चार दिवसांनी पुरेल, एप्रिलच्या उन्हात रोज लागेल.

नुसती पानं का? छाटणी झाली नाही म्हणून. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जानेवारी संपता संपता धारेच्या कात्रीने प्रत्येक फांदी तिसरा हिस्सा कमी करा, वाळक्या काड्या बुडातून काढा, उरलेली पानंही खुडून टाका. झाड बोडकं दिसेल, घरात टोमणे बसतील, बसू देत. त्याच दिवशी १२ इंची कुंडीत हलवा: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू, भोकावर खापराचा तुकडा. जुन्या गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करून घ्या, नाहीतर परत तेच होईल. युरिया घालू नका, त्याने पानंच वाढतात. पाच-सहा तास ऊन मिळालं की मार्चपासून कळ्या धरू लागतील.

मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते आणि वास रात्री भरात येतो. म्हणजे सेकंड शिफ्ट करून तुम्ही बाराला दार उघडाल तेव्हा घरातला सगळ्यात ताजा वास तुमच्याच वाट्याचा. बाकीचे झोपलेले असतील. दिवा न लावता दोन मिनिटं गॅलरीत उभे राहा. फोन बुटांपाशी ठेवून. सकाळी त्यातली दोन फुलं माठात टाका, मग वहिनींना वेगळं काही समजावत बसावं लागणार नाही.

नांदूरमध्यमेश्वर एवढ्यात नको, पण सोडूही नका. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणथळ, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. चूक जागेची नव्हती, अकरा वाजताची होती. तोवर पक्षी खाऊनपिऊन पाण्याच्या मध्यावर जाऊन बसतात, वर पाण्याची चकाकी डोळ्यांवर येते. पुढच्या वेळी पहाटे सहाच्या आत घर सोडा, चापडगावच्या बाजूने जा, दुर्बीण ८×४२ ची मागून न्या. यादी करू नका. वारकरी नावाचा एकच पक्षी ओळखून या: अंग काळं, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, टिळा लावल्यासारखं. तुम्हाला दिसलेले ते काळे ठिपके बहुधा हेच असावेत. फेब्रुवारी उलटला की हिवाळी पाहुणे परतू लागतात, तेव्हा यंदा जमलं नाही तर नोव्हेंबरनंतर जा.

आणि तो चारशे पानांचा संग्रह फ्रीजवर ठेवा, चहा उकळेपर्यंत हात पोचेल असा. मध्येच कुठेही उघडा. पहिल्या चार ओळींनी धरलं नाही, तर पान उलटा. त्यात कवीचा अपमान होत नाही.

— ताई