समुद्रावरची आंधळी कोशिंबीर

प्रिय मित्रा,

तुझ्या आरमारी युद्धखेळाचा डेमो शनिवारी रात्री लावला आणि जेवायचं राहूनच गेलं. नकाशा सुरेख आहे. विमानांची आणि जहाजांची यादी पाहून तर थक्क झालो. एवढी माहिती एकट्याने गोळा करणं म्हणजे खायचं काम नाही. पण ती यादी सध्या मिटून ठेव. मला पहिल्या पाच मिनिटांत खटकलं ते वेगळंच. शत्रूची फ्रिगेट माझ्या रडारच्या वर्तुळात शिरली मात्र, पडद्यावर तिचं नाव, वर्ग, वेग, दिशा आणि पोटात उरलेली क्षेपणास्त्रं असं सगळं उमटलं. म्हणजे तू बुद्धिबळ केलंयस. पट उघडा, सोंगट्या उघड्या. समुद्रावर मात्र आंधळी कोशिंबीर चालते, आणि पट्टी दोघांच्याही डोळ्यांवर असते.

४ डिसेंबर १९७१ची रात्र घे. आपल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. या नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, पल्ला तोकडा, म्हणून वाटेचा काही टप्पा त्यांना चक्क ओढत नेलं होतं. कराचीच्या दक्षिणेला निर्घातने पाकिस्तानच्या ‘खैबर’ विनाशिकेवर पहिलं ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्र सोडलं. खैबरवरच्यांना दिसलं काय? आकाशातून आपल्याकडे येणारा एक उजेड. त्यांनी ते विमान धरलं आणि विमानविरोधी तोफा चालवल्या. क्षेपणास्त्र आदळल्यावर त्यांनी जो संदेश पाठवला त्यातही शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचंच म्हटलं होतं, आणि वर जहाजाचं ठिकाण चुकीचं होतं. मग दुसरं क्षेपणास्त्र आलं. खैबर बुडाली ती आपल्याला नेमकं कशाने मारलं हे न कळताच. दोन दिवसांनी पाकिस्तानी हवाई दलाने त्यांच्याच ‘झुल्फिकार’ या युद्धनौकेवर गोळीबार केला, भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून.

आता सांग, तुझ्या खेळात हे घडू शकतं का? नाही घडणार, कारण तुझ्या कोडमध्ये सत्य एकच आहे आणि ते सगळ्यांना वाचता येतं. तुला तीन हवीत. एक खरं जग, जे फक्त खेळाच्या इंजिनाला माहीत. दुसरं आणि तिसरं म्हणजे प्रत्येक बाजूच्या डोक्यातलं चित्र, अर्धवट, शिळं, कधी साफ चुकीचं. जहाज आणि कॉन्टॅक्ट, म्हणजे रडारवर किंवा नजरेला जाणवलेली खूण, या दोन वेगळ्या वस्तू ठेव. एका जहाजाचे दोन कॉन्टॅक्ट होऊ शकतात, आणि जहाज नसतानाही कॉन्टॅक्ट असू शकतो. मासेमारीच्या ट्रॉलरलाही रडारवर ठिपकाच असतो. ओळख पायरीपायरीने व्हावी: काहीतरी आहे, पृष्ठभागावरचं आहे, युद्धनौका वाटतेय, अमुक वर्गाची असावी, अमक्या देशाची. प्रत्येक पायरीवर चुकायची मुभा ठेव. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी क्रूझरने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं आणि क्रूझरवरच्या माणसांना ते आपल्यावर सूर मारतंय असं वाटत होतं. यंत्राने आकडा बरोबर दाखवला होता, माणसांनी तो भीतीच्या चष्म्यातून वाचला.

कॉन्टॅक्ट शिळा होतो, हेही कोडमध्ये यायला हवं. २० नॉटने (ताशी वीस सागरी मैल) जाणारी नौका नजरेआड होऊन तास झाला की ती ३७ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते, म्हणजे सुमारे ४,३०० चौरस किलोमीटर. दोन तासांनी हेच क्षेत्र चौपट. पडद्यावर ते वर्तुळ फुगताना दिसलं पाहिजे. खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो तिथे.

रडारचं तुझं गोल वर्तुळही काढून टाक. पृथ्वी गोल आहे एवढं एक पाळलंस तरी अर्धा खेळ बदलेल. अँटेनाची उंची मीटरमध्ये घे, तिचं वर्गमूळ काढ, लक्ष्याच्या उंचीचंही काढ, दोन्हींची बेरीज ४.१२ने गुण, आलेलं उत्तर किलोमीटरमधलं रडार-क्षितिज. २५ मीटरवरची अँटेना आणि पाण्यापासून ४ मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र: ४.१२ गुणिले ७, म्हणजे जेमतेम २९ किलोमीटर. सेकंदाला ३०० मीटर धरले तर हातात दीड मिनिट. माहितीपत्रकात त्याच रडारचा पल्ला भलेही २५० किलोमीटर छापलेला असो. तेच रडार विमानात बसवून ६,४०० मीटरवर नेलंस तर क्षितिज साडेतीनशेच्या घरात जातं, म्हणून तर ताफ्यांना हवेतला डोळा लागतो. (हवामान यातही खोडा घालतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारला कोरड्या ऋतूत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाल्याची नोंद आहे. तो किनारा इथून चौदाशे किलोमीटर! समुद्रावरच्या हवेच्या थरांत लहरी अडकून वाकत जातात. पहिल्या आवृत्तीत याच्या नादी लागू नकोस, पण जागा मोकळी ठेव.)

आणि रडार लावणं फुकट नसावं. त्याची लहर जाऊन परत यावी लागते. ऐकत बसलेल्याला ती एकदा पोचली की पुरे. त्यामुळे तुला तो दिसायच्या कितीतरी आधी त्याला तुझी दिशा कळते. दिशाच फक्त, अंतर नाही. ‘लावू की नको’ हा प्रश्न खेळणाऱ्याला रडवेल तेव्हा समज की जमलं.

४ मे १९८२ला फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश विनाशिका ‘शेफिल्ड’वर अर्जेंटिनाचं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, २० जण गेले. तुझ्या खेळात ही घटना म्हणजे सत्तर टक्क्यांचा एक फासा. प्रत्यक्षात शेफिल्ड त्या वेळी उपग्रहावरून बोलत होती, आणि त्या यंत्रामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं तिचं उपकरण बधिर झालं होतं. शेजारच्या ‘ग्लासगो’ने विमानं ओळखून इशारा दिला, पण आधी खोटे इशारे इतके झाले होते की विमानवाहू ‘इन्व्हिन्सिबल’वर तो खरा मानला गेला नाही. शेफिल्डने चॅफही, म्हणजे रडारची दिशाभूल करणारे धातूचे बारीक तुकडेही, उडवले नाहीत. फासा पडायच्या आधीच डाव हरला होता. हे ‘आधीचं’ म्हणजेच तुझं काम.

आकड्यांबद्दल थोडं. पल्ला आणि अचूकता हे कंपन्यांनी छापलेले आकडे लग्नाच्या बायोडाटासारखे वाचावेत. विमानावरून डागायच्या स्पॅरो क्षेपणास्त्राकडून अमेरिकेने केवढ्या आशा बाळगल्या होत्या, व्हिएतनामवर १९६५ ते ६८मध्ये ते दहांतून एखादं लागायचं. १९७३ साली लताकिया बंदरापाशी झालेल्या लढाईत सीरियाच्या स्टिक्सचा पल्ला इस्रायलच्या गॅब्रिएल क्षेपणास्त्राच्या दुप्पट होता. तक्ता पाहिला तर सीरिया जिंकणार. इस्रायली नौकांनी जॅमिंग (शत्रूचं रडार गोंधळवणं) आणि चॅफ वापरून एकही स्टिक्स लागू दिलं नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून घेतला आणि तुझा त्यावर किती भरवसा आहे हे लिहून ठेवायचा रकाना कर. आणि कुणी ‘आतली’ कागदपत्रं देऊ केली तर हात जोड, उघडूही नकोस. उघड्या माहितीवर चांगला खेळ होतो.

माझी एक फजिती सांगतो, तुझे दोन आठवडे वाचतील. जुन्या एका कामात आमची स्वनातीत क्षेपणास्त्रं जहाजाला लागायचीच नाहीत, मंद गतीची बरोबर लागायची. मी नुकसानीचं सूत्र उलटंपालटं करून पाहिलं, फाशांवर संशय घेतला. कारण साधं होतं. घड्याळ सेकंदाच्या ठोक्याने चालत होतं आणि क्षेपणास्त्र एका ठोक्यात ९०० मीटर उडी मारत होतं. या ठोक्याला जहाजाच्या अलीकडे, पुढच्याला पलीकडे! दोन ठोक्यांच्या मधे दोघं सर्वांत जवळ कधी आले ते सूत्राने काढ, ठोका बारीक करत बसू नकोस. तसंच पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेली स्थानं ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवायच्या छोट्या प्रकारात) ठेवलीस तर अर्ध्या मीटरहून बारीक काही उरत नाही. डबल (६४ बिट) वापर.

इंधन आणि दारूगोळा तू पुढच्या आवृत्तीवर ढकललायस, ते मला पटत नाही. ३० एप्रिल १९८२च्या रात्री असेन्शन बेटावरून निघालेल्या एका ब्रिटिश व्हल्कन बाँबरला फॉकलंडमधल्या स्टॅन्लीपर्यंत नेऊन आणायला अकरा टँकर विमानं उडवावी लागली. एकवीस बाँब टाकले, धावपट्टीवर एक पडला. इंधन काढून टाकलंस तर हे नाट्यच हरवतं. पाणबुड्या मात्र खरंच पुढे ढकल. पाण्यातला आवाज हा स्वतंत्र संसार आहे.

संगणकाचा खेळाडू हुशार नसला तरी चालेल, चोर नसावा. त्याने फक्त आपल्या बाजूचं चित्र वाचावं, खरं जग त्याच्यापासून कुलपात ठेव. आणि प्रत्येक निर्णयाचा लॉग हवा: कुणी, कोणत्या माहितीवर, का डागलं. खेळणारे भांडायला येणारच, तेव्हा दाखवायला काहीतरी पाहिजे. लॉग बरोबर असेल तर निकाल कितीही विचित्र दिसला तरी बदलू नकोस. मिडवेच्या लढाईआधी, १९४२च्या मे महिन्यात, जपानी आरमाराच्या पटावरच्या सरावात पंचांनी त्यांच्या विमानवाहू नौकांवर नऊ बाँब लागल्याचं ठरवलं. अ‍ॅडमिरल उगाकींनी ते तीनवर आणले. पुढच्या महिन्यात समुद्रावर आकडा कमी करायला कुणी नव्हतं.

यादीतली सगळी जहाजं बाजूला ठेवून ४ डिसेंबरची तेवढी एक रात्र कर: तीन नौका, प्रत्येकीवर चार स्टिक्स, सोबतीच्या किल्तन आणि कच्छल या युद्धनौका, समोर कराचीचं बंदर आणि वाटेत व्यापारी जहाजं. दिवाळीपर्यंत होईल. मला मात्र निर्घात देऊ नकोस, खैबरच्या बाजूने बसव. आणि येणाऱ्या त्या उजेडावर नाव लिहू नकोस. मी काय समजतो आणि कोणत्या तोफा फिरवतो, ते लॉगमध्ये बघ आणि फोन कर.

तुझा,
सर